पडवीतलं इंजिन

पालघरहून चिंचणीकडे किंवा बोईसरहून तारापूरकडे जाताना वाड्यांमध्ये जी जुनी कौलारू घरं अजून तग धरून आहेत, त्यांची पडवी म्हणजे बिनतिकिटाचं वस्तुसंग्रहालय असतं. खुंटीला फाटकं जाळं, त्याखाली पत्र्याची पेटी, पेटीवर गेल्या वर्षीचं गौरीचं मखर, आणि भिंतीशी, एका गुळगुळीत झालेल्या टायरवर बसवलेली, ताडपत्री पांघरलेली एक आकृती. पाहुण्यांची लहान मुलं तिला घाबरतात आणि मांजरी तिच्या आडोशाला पिल्लं घालतात. ताडपत्री वर केली की खाली मोटारीचं इंजिन निघतं. स्पार्कप्लगच्या चारही भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबलेले, कार्ब्युरेटरच्या जागी पावडरच्या डब्याचं झाकण तारेने आवळलेलं, आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर ग्रीसचा असा थर की त्यात मागच्या तीन पावसाळ्यांतले डास शाबूत. हे इंजिन ज्या फियाटचं, ती अंगणातच असते. चालतेही. फक्त ती दुसऱ्याच इंजिनावर चालते. दरवर्षी गणपतीच्या आधी झाडलोट निघाली की हा विषयही निघतो, आणि घरात उभी फूट पडते: झाडणारे इंजिन काढायच्या बाजूने, न झाडणारे ठेवायच्या बाजूने.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ठेवायचं. पण आजोबांची आठवण म्हणून नव्हे. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूंनी आपल्याकडचे पोटमाळे आधीच इतके भरलेत की आता आठवणींनाच वर जायला जागा नाही. आजोबांची आठवण त्यांच्या चष्म्यातही राहते, आणि चष्म्याला टायर लागत नाही. मूळ इंजिन विकू नये याचं कारण निव्वळ व्यवहारी आहे. या सौद्यात विकणारा एक वस्तू देतो आणि घेणारा दुसऱ्याच वस्तूचे पैसे मोजतो. असा सौदा बैलबाजारात कुणी करणार नाही, पण मोटारीच्या बाबतीत शहाणीसुरती माणसं करतात.

हे इंजिन पडवीत आलं कसं, ते आधी बघू. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली, आणि पुढे 1974च्या सुमारास तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. सासरी जाऊन नाव बदललं, माणूस तोच. इंजिनही तेच, चार सिलिंडरचं, 1089 सीसीचं, पेट्रोल पिणारं. लोकांनी तर नावबदलाची दखलच घेतली नाही, ते शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. पण पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात सरकारने वर्षानुवर्षं एवढी दरी राखली की पेट्रोलची गाडी म्हणजे दारातला जावई होऊन बसली: मान मोठा, खाणं महाग, आणि कामाला सांगायची सोय नाही. मग गावोगावच्या मिस्त्र्यांनी चेनपुल्या टांगल्या. जीप, अँबेसेडर, फियाट, जी सापडेल तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि डिझेलचं चढवलं. पुढे प्रीमियरनेही पद्मिनीला डिझेलचं इंजिन देऊन मिस्त्र्यांपुढे मान तुकवली. डिझेलवर गेलेली फियाट उभी असतानाही धावत असल्यासारखी थरथरायची, आणि आत बसलेल्या माणसाचे गालही तिच्या तालात. पण पैसे वाचायचे. उतरवलेलं इंजिन ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून पडवीत गेलं किंवा ‘कशाला अडगळ’ म्हणून हातगाडीवर गेलं.

आणि ‘लागेल कधी’वाल्यांचा दिवस खरंच उजाडला. मुंबईच्या धुराची तक्रार उच्च न्यायालयात गेली आणि 2000नंतरच्या काही वर्षांत शहरातल्या टॅक्स्यांना सीएनजीवर यावं लागलं. सीएनजीला पेटायला ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते, तिथे सगळा कारभार दाबावर. म्हणजे सीएनजीसाठी पुन्हा पेट्रोलच्या इंजिनाचे पाय धरणं आलं. काही वर्षांपूर्वी जे किलोवर दिलं, तेच आता नगावर शोधत फिरायचं. जपून ठेवणाऱ्याने त्या दिवशी ताडपत्री किती सावकाश, शेजारी दारात येईपर्यंत थांबून काढली असेल, ते डोळ्यांसमोर आणून बघा. टॅक्सीचा तो अध्यायही मिटला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. खाजगी फियाट मात्र अजून अंगणात आहे, आणि कुठल्या इंधनाला उद्या कोण भाव देईल, हे पेट्रोलपंपाच्या मालकालाही ठाऊक नाही.

आता सौद्याकडे येऊ. पडवीतल्या इंजिनाला तीन गिऱ्हाइकं असतात. पहिला भंगारवाला. त्याला मेक, मॉडेल, साल यांतलं काही नको असतं. तो ब्लॉकवर नाणं वाजवतो, ‘बीड’ (म्हणजे ओतीव लोखंड) म्हणतो, बाजूचे अल्युमिनियमचे भाग डोळ्यांनीच वेगळे काढतो आणि ग्रीसचं वजन कापून घेतो. अडीच-तीन पिढ्या ज्या गाडीची ऐट घराने मिरवली, तिचं वर्णन एका शब्दात करणारा असा समीक्षक साहित्यातही झाला नाही. त्याने नेलेलं इंजिन एखाद्या फाउंड्रीत वितळून गटाराचं झाकण होतं, आणि कधीतरी तीच फियाट त्याच झाकणावरून खडखडत जाते. दुसरा गॅरेजवाला. हा ‘हाफ इंजिन आहे की पुरं?’ असं विचारतो. त्याला क्रँक हवा असतो, नाहीतर डिस्ट्रिब्युटर, नाहीतर नुसते टॅपेट. बाकीचं तो पहिल्याकडे पोचवणार. तिसरा खरा शौकीन. त्याच्याकडे तशीच गाडी असते आणि तिचं इंजिन गेलेलं असतं. तो सगळ्यांत चांगला भाव देतो, पण तोही चालतं इंजिन विकत घेतो, तुमच्या गाडीचं इंजिन नव्हे. त्याच्या गाडीच्या कागदावर वेगळाच नंबर असतो. म्हणजे जी गोष्ट या जगात फक्त तुमच्याच गाडीच्या उपयोगाची, तिचे पैसे या तिघांतला कुणीच देत नाही. देणारं एकच गिऱ्हाईक आहे, आणि ते अंगणात चार चाकांवर उभं आहे.

ही गोष्ट म्हणजे नंबर. मोटारीच्या कुंडलीत दोन ग्रह: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. दोन्ही आरसी बुकात. इंजिनाचा नंबर हेडवर नसतो, ब्लॉकवर पंच केलेला असतो, आणि यात फार मोठी सोय आहे. हेड बदललं तरी इंजिन तेच राहतं. आपल्याकडे हे तत्त्व नवं नाही. गणपतीचं हेड बदललं म्हणून पार्वतीने त्याला दुसरा मुलगा मानलं नाही. ब्लॉक बदलला मात्र कुंडली बदलते. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे असा बदल परवानगीने करायचा आणि आरसीत चढवून घ्यायचा. पण त्या चेनपुलीच्या दिवसांत किती जणांनी तो चढवून घेतला, हे पडवीतल्या मांजरींना विचारा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014ला. इथून ठाण्याला एका शिक्क्यासाठी जायचं म्हणजे एक दिवस, एक एजंट आणि एक डोकेदुखी. बरेच जण यातल्या एकाही गोष्टीच्या वाटेला गेले नाहीत. आज परिस्थिती अशी की कागदावर पडवीतलं इंजिन धावतंय आणि रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनाला कागदच नाही. अशा वेळी कागदातलं इंजिन विकणं म्हणजे जन्मदाखला रद्दीत घालून वर जातीच्या दाखल्याला अर्ज करणं.

त्यात जुलै 2021मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी नवीन भर घातली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली खाजगी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पद्मिनी या नावाच्या सगळ्यांत जुन्या गाड्या आत्ता कुठे 2024पासून या वयात येऊ लागल्या आहेत. डिलाइट तर त्याआधीच आल्या. मात्र ही गाडी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. पालघरच्या बाजारातून मेथीची जुडी आणायला नेली, तर ते तांत्रिक संशोधन कसं, हे हवालदाराला पटवावं लागेल. शिवाय पन्नाशी उलटेपर्यंत अंगाला सुरी न लागलेला माणूस शोधणं जितकं अवघड तितकीच अशी मोटार. एकदा उतरवलेलं इंजिन परत बसवलं तर ते ‘मूळ स्वरूप’ होतं की नाही, यावर परिवहन कार्यालयात रंगणारी चर्चा मला आत्ताच ऐकू येते. पण चर्चेला बसायचं तर निदान इंजिन तरी हवं. ते गटाराचं झाकण झालं असेल तर चर्चा फार लवकर आटोपते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञांचा. ‘मूळ’ म्हणजे काय हो? अँबेसेडरचंच घ्या. सुरुवातीची वेगळी, मग 1489 सीसीची, मग डिझेलची, मग 1990च्या दशकात इसुझूची, अशी इंजिनं कंपनीनेच बदलली, आणि तरी 2014ला उत्पादन थांबेपर्यंत ती अँबेसेडरच राहिली. तुमच्या फियाटचेही मडगार्ड दोनदा, सीटकव्हरं चारदा आणि फरशीचा पत्रा पूर्णच बदललेला. मग एका ब्लॉकचाच एवढा सोवळेपणा का? हा आक्षेप दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याचा मोठा सामना मिलिंदपन्हात झाला. ग्रीक राजा मिलिंद रथातून आला, तर भिक्खू नागसेनाने त्याला विचारलं, यातलं रथ म्हणजे काय? दांडा? आस? चाकं? जू? एकेका भागाला ‘नाही’ म्हणता म्हणता राजाचा रथच नाहीसा झाला. आपल्याच जिल्ह्यात सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली बौद्ध स्तूप उकरून काढला, तेव्हा हा वाद या भागाला परका म्हणता येणार नाही. नागसेनाचं म्हणणं मला मान्य आहे. रथ हे सुटे भाग जुळून आल्यावर त्यांना दिलेलं नुसतं नाव आहे. पण नागसेनाला परिवहन कार्यालयात रथ पासिंग करून घ्यायचा नव्हता. तिथला निरीक्षक दांडा, आस, जू यांतल्या कशालाच हात लावत नाही. तो दोन नंबर बघतो. ‘मूळ’ ही कल्पना विश्वाच्या दृष्टीने खोटी असेल, पण आरसी बुकाच्या दृष्टीने ती खरी आहे, आणि गाडी विश्वात कमी आणि आरसी बुकात जास्त चालते.

दुसरा आक्षेप सातपाटीहून येतो आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. कोळ्यांच्या बोटींवर इंजिनाचं असलं कौतुक कुणी करत नाही. बोट जपतात, लाकूड जपतात, तिला रंग देतात, नारळीपौर्णिमेला तिची पूजा करतात. इंजिन हे जाळ्यासारखं आणि बर्फासारखं खर्चाच्या वहीत लिहायचं. दमलं की उतरवलं, दुसरं बसवलं, जुनं दिलं. पोट ज्याच्यावर चालतं त्याच्याशी माणूस भावुक होत नाही, ही समजूतदार गोष्ट आहे. पण बारकाईने बघा. तिथे जुन्या इंजिनाची रक्कम नव्या इंजिनात घालायची असते, म्हणून विकणं भाग असतं. आपल्या फियाटमध्ये दुसरं इंजिन केव्हाच बसलंय, त्याचे हप्तेही फिटलेत, कदाचित ते हप्ते फेडणाराही आता फोटोत आहे. जुनं विकून आलेली रक्कम कुठेच घालायची नाही. मग ती जाते कुठे? तीही सातपाटीलाच. पापलेटला 2023 साली राज्य माशाचा मान मिळाल्यापासून त्याच्याशी आदराने वागावं लागतं, आणि किलोच्या हिशेबात बीड त्याच्या आसपासही फिरकत नाही. चार माणसांनी ‘हेऽऽ’ करून उचललेलं इंजिन हातगाडीवर चढवायचं आणि त्या पैशांत घरी यायचं ते एका रविवारचं कालवण घेऊन. पापलेटविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण ते सोमवारी नसतं.

मला इंजिन बदलण्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, हेही इथेच स्पष्ट करतो. गाडी रोज लागत असेल तर तिच्यात चालतं ते इंजिन घाला. जुनं इंजिन गाडीतच असलं पाहिजे असा हट्ट धरणारे शुद्धिवादी वर्षातून एकदा रॅलीला गाडी काढतात आणि उरलेले 364 दिवस तिला रिक्षात बसून भेटायला जातात. उतरवा, खुशाल उतरवा. फक्त उतरवलेलं विकू नका, एवढंच.

बोईसर-तारापूरच्या माणसाला तर जुन्या इंजिनाचं हे शास्त्र कुणी शिकवायची गरजच नाही. ते त्याच्या क्षितिजावर उभं आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या, प्रत्येकी 210 मेगावॅटच्या. 1980च्या दशकात दुय्यम वाफेची यंत्रणा गळू लागली, तेव्हा भट्ट्या मोडीत काढल्या नाहीत. ती यंत्रणा बाजूला ठेवली आणि 160 मेगावॅटवर काम चालू ठेवलं. प्रत्येक जुन्या फियाटच्या मालकाला ही भाषा कळते: ‘चढावर घाई नको, टॉपला जास्त ताणू नको, ती नेईल.’ इंधनाची रड तीच. करार 1963चा, समृद्ध युरेनियम अमेरिकेचं. 1974ला पोखरण झालं आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. मग फ्रान्स, पुढे चीन, रशिया. पंप बदलले, गाडी ठेवली. शेजारी 2005-06मध्ये प्रत्येकी 540 मेगावॅटची दोन नवीकोरी स्वदेशी युनिटं उभी राहिली, तरी जुन्या दोघींना ‘आता तुमचं काय काम’ असं कुणी म्हटलं नाही. पुढे त्या थांबवून त्यांच्या आतल्या पाण्याच्या पाइपांचं मोठं काम काढलं गेलं. मोटारीच्या नियमाने मोजायचं तर या अणुभट्ट्या ऑक्टोबर 2019लाच ‘व्हीए’ पाटीला पात्र झाल्या होत्या. पाइप बदलल्यामुळे आता तपासणीत त्या नापास होतील, ती गोष्ट वेगळी.

इंधनाचा विषय निघालाच आहे, तर तिसरा आक्षेप त्यातलाच. जुनं इंजिन ठेवून पाजणार काय? ते शिसंमिश्रित पेट्रोलवर वाढलेलं, आणि शिसं देशभरातून 2000 साली गेलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर हवेत पाण्याखेरीज दुसरं काय असतं? जुन्या पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची वॉशरं यांना ते मानवत नाही. हे सगळं खरं. पण यादी पुन्हा वाचा. पडदा, नळी, वॉशर, फार तर व्हॉल्व्हच्या सीटा. यांतलं एकही बीड नाही. इंजिनाच्या नावाने जी रडगाणी गायली जातात, ती बहुतेक रबराची असतात.

आणि इथेच आपल्या मुक्कामाचा फायदा. तारापूर एमआयडीसीच्या आसऱ्याने बोईसरच्या गल्ल्यांत जेवढी लेथ मशीनं फिरतात, तेवढी असलेल्या गावात इंजिन मरू शकत नाही, ते फक्त थांबतं. व्हॉल्व्ह गाइड टर्नर करून देतो. बुश करून मिळतो. क्रँक घासून मिळतो, हेड प्लेन करून मिळतं. सिलिंडर झिजला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, त्याहून झिजला तर लायनर. आटा गेलेल्या स्टडला नवा आटा. कामगाराने चहा पिता पिता कॅलिपर लावून नुसतं ‘हूं’ म्हटलं की समजायचं, सोमवारपर्यंत होईल. ‘बघू’ म्हटलं तर गुरुवार. एकच गोष्ट कुठल्याही लेथवर निघत नाही: तो नंबर असलेला ब्लॉक. म्हणून शहाण्याने जे बनू शकतं ते विकावं आणि जे बनू शकत नाही ते ठेवावं. प्रत्यक्षात लोक उलटं करतात. ब्लॉक भंगारात देतात आणि बरणीत नट-बोल्ट जपून ठेवतात.

खारी हवा ही मात्र खरी अडचण, आणि तिला वाद घालून उत्तर देता येत नाही. चिंचणीच्या किनाऱ्याजवळ उघडं ठेवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखं होतं. जाम झालेलं इंजिन ठेवणं आणि दगड ठेवणं यात फरक एवढाच, की दगडाला शेंदूर तरी लावता येतो. तेव्हा ठेवायचं तर नीट ठेवा. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा, भोकं बंद करा, जमिनीला टेकू देऊ नका, आणि महिन्यातून एकदा पाना लावून क्रँक हाताने फिरवा. महिन्याची आठवण राहत नसेल तर संकष्टीला फिरवा. चंद्रोदयाची वाट बघताना वेळही जातो. एवढं ज्याच्याने होणार नाही, त्याने इंजिन आजच विकावं. गंजून गेलेला ब्लॉक पडवीत ठेवणारा काही जपत नसतो, फक्त भंगारवाल्याला उशीर करत असतो.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो नीतीचा आहे. पलीकडच्या गावात कुणाची फियाट इंजिनावाचून पडून आहे, तुमचं इंजिन इथे आराम करतंय. दिलंत तर एक गाडी उठेल. हे अवयवदान आहे, आणि त्याला नकार देणारा कंजूष. इथे मी दोन पावलं मागे येतो. हेड मागितलं, द्या. कार्ब्युरेटर, सेल्फ, डायनामो, रेडिएटरचा पंखा, सगळं द्या, पैसे न घेता दिलंत तर पुण्यही लागेल. ब्लॉक मात्र ठेवा, कारण त्या माणसाला कुठलाही ब्लॉक चालणार आहे आणि तुमच्या गाडीला हा एकच. दुसरं पाऊल मोठं: तुमची गाडीच उरली नसेल, चेसिस गंजून गेली असेल, आरसी रद्द झाली असेल, तर पडवीत बसलेला तो निव्वळ पिंडाची वाट बघणारा आत्मा आहे. त्याला मोकळा करा. कावळा शिवायची वाट बघू नका.

राहता राहिली मुलं. ‘आम्ही ठेवू, पण आमच्या मागे पोरं ते किलोवरच घालणार ना?’ घालतीलच. पोरांना दोष नाही. ताडपत्रीखालच्या गोळ्यावर ‘मी तुमच्या गाडीचा आहे’ असं कुठे लिहिलेलं असतं? तेव्हा लिहा. आरसीची झेरॉक्स दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून तारेने मॅनिफोल्डला बांधा. मृत्युपत्रातल्या जमिनीवरून भावाभावांत जितकी मारामारी होते, तितकी या पिशवीवरून होणार नाही, पण भंगारवाला निदान एकदा थांबून विचारील.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. पडवीतलं इंजिन खरंच आपल्याच गाडीचं आहे का? मिस्त्र्याच्या अंगणात एका वेळी तीन इंजिनं उतरलेली असायची, आणि परत देताना तिन्ही काळीच दिसायची. तेव्हा ताडपत्री पूर्ण काढा. ब्लॉकवर नंबरची पट्टी शोधा. ग्रीस, धूळ आणि कुणीतरी हौसेने मारलेला चंदेरी रंग यांच्या खाली ती असते. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून पुसा, तारेच्या ब्रशने हलकेच घासा. फार जोर लावू नका, नाहीतर आकडाच जायचा. मग फेरनोंदणीच्या अर्जासाठी एजंट घेतो तसा छाप घ्या. पातळ कागद पट्टीवर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी करून खरडा. करड्या पट्ट्यात एकेक आकडा पांढरा होऊन वर येतो. आरसी बुक शेजारी उघडं ठेवा आणि मोठ्याने वाचत जुळवत जा. पहिले दोन जुळतात. तिसऱ्यापाशी सगळे कागदावर वाकतात, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावतं, आजी चष्मा मागवते. झाडणारे म्हणतात तो तीन आहे, न झाडणारे म्हणतात आठ.